चार हजारांचे अठराशे: पाणथळीवरच्या पक्षीगणनेचे आकडे कसे वाचायचे

प्रश्न थोडक्यात असा आहे: "आमच्या गावच्या लघुपाटबंधारे तलावावर आम्ही कॉलेजचे विद्यार्थी दोन वर्षं जानेवारीत पक्षी मोजतोय. गेल्या वर्षी ६२ जाती आणि सुमारे ४,००० पक्षी मिळाले. यंदा जाती ६८ झाल्या, पण पक्षी १,८००च. जाती वाढल्या म्हणून समाधान मानायचं, की पक्षी निम्म्याहून कमी झाले म्हणून काळजी करायची? वनखात्याला पत्रात काय लिहू?"

सोबत जातवार तक्ता आणि फोटो पाठवलेत ते फार बरं केलंत. नुसत्या बेरजा असत्या तर मला काहीच सांगता आलं नसतं. नाशिक जिल्ह्यातल्या नांदूर मध्यमेश्वर पक्षी अभयारण्यात मी पंचवीसहून जास्त हिवाळे मोजणी केली आहे, आणि दर वर्षी मोजणी संपली की कुणीतरी हेच विचारतं: पक्षी वाढले की घटले? त्यावर माझा पहिला प्रश्न असतो की पाणी किती होतं. तुमच्या तक्त्यात तो रकानाच नाही. पुढच्या वेळी तो सर्वात आधी घाला. तरीही आहे त्या तक्त्यात बरंच काही सापडतं.

वारकऱ्यांची ओळ पाहा. काळं अंग, कपाळावर पांढरा टिळा, दिंडीसारखा थव्याथव्याने सरकणारा हा पक्षी गेल्या वर्षी तुम्हाला २,९०० दिसला, यंदा ७००. म्हणजे एकूण जे २,२०० पक्षी कमी झाले ते सगळे वारकरीच. ते बाजूला ठेवले तर गेल्या वर्षी उरतात १,१०० आणि यंदाही १,१००च. तलाव निम्म्याने ओस पडला असं बेरीज सांगते. खरं तर एकच जात दुसरीकडे गेली आहे.

ती कुठे गेली असेल? वारकऱ्याचं मुख्य खाणं म्हणजे पाण्याखालचं गवत. ते जिथे भरपूर तिथे तो हजारोंनी उतरतो आणि संपलं की रातोरात उठतो. यंदा परतीचा पाऊस लांबला, असं तुम्हीच लिहिलंय. अशा वर्षी गावोगावची शेततळी, पाझर तलाव, नाला बांध जानेवारीपर्यंत भरलेले राहतात. पक्ष्यांना बसायला जागाच जागा, मग ते पांगतात. कमी पावसाच्या वर्षी याच्या उलट होतं. लहान तळी डिसेंबरातच आटतात, आसपासचे सगळे पक्षी पाणी टिकलेल्या एकदोन जागी गोळा होतात, आणि तिथे मोजणारा म्हणतो की यंदा पक्षी खूप आले. दुष्काळी वर्षात एका तलावाचा आकडा फुगतो आणि सुकाळात तोच आकडा पडतो. कितीही वेळा पाहिलं तरी हे मला आजही चमत्कारिक वाटतं.

ही चूक मी स्वतः केली आहे. सुरुवातीच्या काळात एका जानेवारीत मी "स्थलांतरित बदकं झपाट्याने घटली" असं लिहून दिलं. ते छापूनही आलं. दोनतीन आठवड्यांनी निफाड आणि सिन्नरच्या बाजूच्या लहान तलावांवर फिरलो, तर तिथे थापट्या, तलवार बदकं, गडवाल अशी सगळी मंडळी आरामात चरत होती. त्यांचं काहीच बिघडलं नव्हतं. मी एकाच जागी उभा राहून मोजलं होतं, एवढंच. खुलासा पाठवला, पण तो कुणी छापला नाही. तेव्हापासून पाण्याची पातळी लिहिल्याशिवाय मी पक्ष्यांचा आकडा कुणाला देत नाही.

आता काळजीच्या गोष्टीकडे येतो. ती बेरजेत नाही. तक्त्याच्या तळाशी छोटा टिलवा आणि तुतवार हे गाळावर चरणारे पक्षी मिळून गेल्या वर्षी ३४० होते, यंदा ४५ आहेत. आणि जांभळ्या पाणकोंबड्या ६० वरून ३१० वर गेल्यात. एकाची घट आणि दुसऱ्याची वाढ जवळपास सारखी असल्यामुळे बेरजेत दोन्ही बुडून गेलं. माझ्या मते तुमच्या तलावावर यंदा घडलेली सर्वात महत्त्वाची गोष्ट हीच आहे. तुमच्या तिसऱ्या फोटोत तिचं कारणही दिसतं. गावाकडच्या अंगाला, ओढा तलावाला मिळतो तिथे, जांभळ्या फुलांचा हिरवागार थर पसरला आहे. ती जलपर्णी.

टिलव्याला काय लागतं ते एकदा जवळून पाहा. चिमणीएवढा पक्षी, दोन सेंटिमीटरच्या आतबाहेर चोच, पाय आखूड. त्याला हवा उघडा, ओला, लोण्यासारखा गाळ, आणि त्यावर पाणी असलंच तर बोटाच्या पेरभर. सकाळी सातच्या सुमाराला अशा काठावर बसा आणि ओंजळभर गाळ चहाच्या गाळणीत धुऊन पाहा. गाळणीत लालसर, वळवळणाऱ्या बारीक अळ्या, तांदळाच्या दाण्याएवढ्या गोगलगायी, पाणकिड्यांची पिल्लं राहतील. सैबेरियाकडून आलेला हा एवढासा जीव परत जाण्यासाठी लागणारी चरबी या अळ्यांवर साठवतो. त्या गाळावर जलपर्णीची चटई पसरली, की अळ्या खाली असल्या तरी त्याच्या चोचीला गाळ सापडत नाही. तो निघून जातो.

पाणकोंबडीला मात्र ती चटई म्हणजे अंगण. नांदूरच्या मनोऱ्यावरून मी तिला तासन्‌तास पाहिलं आहे. लांबलचक बोटांनी पाणकणसाचा कोंब धरते, माणसाने ऊस धरावा तसा पायात उचलते, सोलते आणि आतला पांढरा गाभा खाते. दिसायला अतिशय देखणा पक्षी आहे, आणि त्याच्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. पण त्याची संख्या दोनतीन वर्षांत पाचपट झाली तर समजावं की पाण्यात सांडपाण्याचं खत उतरतंय. नांदूरला हे आम्ही भोगतोय. वर गोदावरीवर नाशिक शहर आहे, खाली बंधाऱ्याच्या फुगवट्यात जलपर्णी आहे. पूर आला की ती वाहून जाते आणि काही महिन्यांत पुन्हा पसरते.

नांदूर मध्यमेश्वरचं उदाहरण थोडं सविस्तर देतो, कारण तुमच्या तलावाचंच ते मोठं रूप आहे. तेही माणसाने बांधलेलं पाणी आहे. निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवेच्या संगमाजवळ विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पाटाच्या पाण्यासाठी दगडी बंधारा घातला गेला. शंभर वर्षं दोन्ही नद्यांनी गाळ आणून टाकला. पाटबंधाऱ्याच्या दृष्टीने ते नुकसान, पक्ष्यांच्या दृष्टीने वरदान. त्या गाळाची बेटं झाली, उथळ पाणी झालं, दलदल झाली, लव्हाळे आणि पाणकणीस उगवलं, काठाला बाभळी वाढल्या. पक्षीतज्ज्ञ सलीम अलींनी या जागेला, राजस्थानातल्या प्रसिद्ध पक्षी अभयारण्यावरून, महाराष्ट्राचं भरतपूर म्हटलं. १९८६ साली अभयारण्य झालं आणि २०२० साली महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून त्याची घोषणा झाली. इतक्या जाती तिथे का? पाणी खूप आहे म्हणून नाही. चापडगावच्या एका मनोऱ्यावरून नजर फिरवली की पाण्याच्या पाचसहा वेगवेगळ्या खोली एकदम दिसतात, म्हणून. नदीच्या मूळ पात्रात खोल पाणी आहे, तिथे बुडी मारणारी लालसरी आणि शेंडी बदक. अलीकडे गुडघाभर पाण्यात शेपटी वर करून डोकं खाली घालणारी तलवार बदकं. त्याहून उथळात पसरट चोचीने पाणी गाळत गोल गोल फिरणारे थापटे. मग पोटरीभर पाण्यात चोच डावीउजवीकडे फिरवणारे चमचे, त्याच्या अलीकडे लाल पायांचे शेकाटे, मग गाळावर टिलवे, आणि कोरड्या गवतात पिवळे धोबी. लव्हाळ्यात नीट पाहिलं तर निळ्या गळ्याचा शंकर. सगळं मिळून दोनतीनशे मीटरच्या पट्ट्यात.

म्हणून तलाव काठोकाठ भरलेला असणं ही पक्ष्यांसाठी दर वेळी चांगली बातमी नसते. उभ्या काठाचा, सगळीकडे दोन पुरुष पाणी असलेला तलाव सुंदर दिसतो, पण त्यावर पाणकावळे, टिबुकल्या आणि थोडी बदकं एवढंच मिळतं. उजनीच्या फुगवट्यावर भिगवणला रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, बघायला लोक डिसेंबरात जातात आणि हिरमुसून परततात. धरण तुडुंब भरलेल्या वर्षी पाणी उतरून गाळ उघडा पडेपर्यंत रोहित येणार कुठे? जायकवाडीला पाणी ओसरलं की लोक गाळपेरा करतात, हरभरा पेरतात, आणि त्या कोवळ्या हरभऱ्यावर पट्टकादंब आणि कांड्या करकोचे उतरतात. शेतकऱ्याला त्याचा त्रास होतो हेही खरं, त्यावर वेगळं लिहावं लागेल. पण उतरतं पाणी रोज नवी ओली पट्टी उघडी करतं आणि पक्षी त्या पट्टीमागून चालत जातात, हे लक्षात ठेवा. पाटाचं आवर्तन कधी सुटलं, पातळी किती दिवसांत किती उतरली, ही माहिती तुमच्या तलावाच्या कालवा कर्मचाऱ्याकडे असते. चहा पाजून विचारा, ते हौसेने सांगतात.

जाती ६२ च्या ६८ झाल्या, त्याचं काय? नव्या सहा जाती कोणत्या ते पाहिलं. तांबट, सुभग, शिंपी, हळद्या, नाचण आणि खंड्या. पहिले पाच काठच्या झाडांवरचे आहेत. खंड्या पाण्याकाठी दिसतो खरा, पण तो विजेच्या तारेवरही दिसतो. त्यांची नोंद हवीच, फक्त पाणथळीच्या हिशेबात त्यांना धरू नका. दुसरं म्हणजे गेल्या वर्षी तुम्ही दोन सकाळी गेलात, यंदा पाच. जास्त फेऱ्या केल्या की जाती वाढणारच. पहिल्या फेरीत चाळीस मिळतात, दुसरीत दहाबारा नव्या, पाचवीत एखाददुसरी. दोन वर्षांची तुलना करायची तर यंदाच्या पहिल्या दोनच सकाळी घ्या. मी तुमच्या तक्त्यावरून तसं करून पाहिलं. पाणपक्ष्यांच्या जाती गेल्या वर्षी ३८ होत्या, यंदा पहिल्या दोन सकाळी ३५ आहेत. तीनचा फरक मोठा नाही, पण त्या दोन सकाळी न दिसलेल्या तिन्ही जाती गाळावरच्या आहेत, हे टिलव्यांच्या घटीशी जुळतं.

तुमच्या प्राध्यापकांनी शॅनन निर्देशांक काढायला सांगितला आहे. काढा, पण त्याच्या भरवशावर राहू नका. तो निर्देशांक जाती किती आहेत आणि त्यांची वाटणी किती समान आहे, या दोन गोष्टी एकत्र मोजतो. समजा एका तळ्यावर पाच जाती, प्रत्येकी २००, एकूण १,००० पक्षी. निर्देशांक येतो १.६१. दुसऱ्या तळ्यावरही पाच जाती आणि १,००० पक्षी, पण त्यात ९६० वारकरी आणि बाकी चार जातींचे दहा-दहा. निर्देशांक येतो जेमतेम ०.२२. आता तुमचा तलाव पाहा. गेल्या वर्षी शंभरातले बहात्तर पक्षी वारकरी होते, यंदा एकोणचाळीस. वारकरी उठून गेल्याबरोबर वाटणी समान झाली आणि निर्देशांक वर चढणार. कागदावर विविधता वाढली असं दिसेल, आणि त्याच वेळी टिलवे गेलेले असतील. निर्देशांकाला पक्ष्यांची नावं कळत नाहीत. टिलव्याच्या जागी पाणकोंबडी आली तरी त्याचं गणित तेच राहतं. म्हणून मी नेहमी पक्ष्यांचे खाण्याच्या पद्धतीनुसार गट पाडतो (बुडी मारणारे, डोकं बुडवून चरणारे, गाळात चोच खुपसणारे, उभं राहून मासा टिपणारे, पाणवनस्पतीवर चालणारे) आणि गटवार आकडे वर्षानुवर्षं शेजारी शेजारी मांडतो. तलावाचं काय चाललंय ते तिथे दिसतं.

नुसती विपुलता किती फसवू शकते याचं मोठं उदाहरण मुंबईजवळ आहे. ठाणे खाडीत हिवाळ्यात लाखाच्या वर रोहित मोजले गेले आहेत. खाडीला २०२२ साली रामसर दर्जा मिळाला. रोहितांमध्ये बहुसंख्य छोटा रोहित, आणि त्याचं खाणं सूक्ष्म शेवाळ. शहराच्या सांडपाण्यातून आलेलं पोषण त्या शेवाळाला मानवतं. तेव्हा पक्षी लाखभर आहेत म्हणजे पाणी स्वच्छ आहे, असं कुणी म्हणत असेल तर ते चूक आहे. आणि पाणी घाण आहे म्हणून ती जागा बिनमहत्त्वाची, असं म्हणणं तर त्याहून मोठी चूक.

मोजायच्या पद्धतीबद्दल थोडंसं. तुम्ही थवे एकेक करून मोजलेत असं लिहिलंय. पाचशेच्या वर ते जमत नाही. आधी दहा पक्षी नीट मोजा, ते किती जागा व्यापतात ते डोळ्यांत भरून घ्या, मग त्या मापाने शंभर मोजा, मग शंभराच्या मापाने पुढे जा. दोघांनी स्वतंत्र मोजा, आकडा आधी एकमेकांना सांगू नका. सूर्य पाठीशी ठेवा. मध्येच मार्श हॅरियरसारखा शिकारी पक्षी आला तर सगळा थवा उठतो, गोल फिरतो, दुसरीकडे बसतो. त्या वेळी हातातला आकडा सोडून द्यायचा आणि पुन्हा सुरुवात करायची. मोह होतो, "एवढं मोजून झालंय, चालेल" असं वाटतं. चालत नाही. पाणलाव्यासारखे गवतात दबून बसणारे पक्षी कमीच दिसणार, ते दर वर्षी सारख्याच पद्धतीने शोधले तरच तुलनेला उपयोगी. आणि शक्य असेल तर आसपासचे चारपाच तलाव एकाच आठवड्यात मोजा. आशियाई पाणपक्षी गणना १९८७ पासून जानेवारीतच होते ती याच कारणाने: सगळीकडे साधारण एकाच वेळी मोजलं की एका तलावावरून उठलेला पक्षी दुसऱ्यावर दोनदा मोजला जाण्याचा धोका कमी होतो. तुमचे वारकरी शेजारच्या तलावांवर सापडले असते तर हा प्रश्नच पडला नसता.

एक बांबू घ्या, त्यावर दर पाच सेंटिमीटरला रंगाची खूण करा. काठापासून आत चारपाच ठरलेल्या जागी पाण्याची खोली, आणि उघड्या गाळाची रुंदी पावलांनी मोजून लिहा. ठरलेल्या जागेवरून, ठरलेल्या दिशेला फोटो. याला पैसा लागत नाही, आणि पाच वर्षांनी हीच नोंद तुमच्या पक्ष्यांच्या आकड्यांइतकीच मोलाची ठरेल.

आता पत्राचं. वनखात्याला कळवा, पण तलाव त्यांच्या ताब्यात नाही. २०१७ च्या पाणथळ नियमांमध्ये सिंचनासाठी बांधलेले तलाव व्याख्येतूनच वगळले आहेत. म्हणजे अभयारण्याबाहेरच्या अशा तलावाला त्या कायद्याचा आधार मिळत नाही. मला हे मनापासून खटकतं, कारण आपल्या पठारावरची बहुतेक पाणथळ जागा ही अशीच बांधलेली आहे. त्यामुळे पहिलं पत्र ग्रामपंचायतीला, दुसरं तलाव ज्यांच्याकडे आहे त्या पाटबंधारे कार्यालयाला, आणि मासेमारीचा ठेका ज्या संस्थेकडे आहे तिला तर प्रत्यक्ष भेटा. जलपर्णीने पाण्यातला प्राणवायू घटतो, जाळी अडकतात, त्यामुळे तुमच्या आणि त्यांच्या हिताची गोष्ट इथे एकच आहे. पत्रात "पक्षी ४,००० वरून १,८०० झाले" हे वाक्य घालू नका. पुढच्या कोरड्या वर्षी वारकरी परत येतील, आकडा पाच हजार होईल, आणि कुणीही म्हणेल की आता सगळं ठीक आहे. त्याऐवजी लिहा की गाळावर चरणारे पक्षी ३४० वरून ४५ वर आले, जलपर्णी ओढ्याच्या तोंडाशी अमुक इतक्या जागेवर पसरली आहे, आणि गावाचं सांडपाणी त्याच ओढ्याने येतं. सोबत दोन वर्षांचे त्याच जागेचे फोटो जोडा.

जलपर्णी काढायची तर हातांनी, दोऱ्यांनी ओढून, फेब्रुवारी ते मे मध्ये. पाणी उतरत असताना काम सोपं जातं. औषध फवारू नका, कुजलेला थर तिथेच बसतो आणि गाळातले जीव मरतात. काढलेला ढीग काठावर ठेवला तर पहिल्या पुरात परत पाण्यात जातो, म्हणून पूररेषेच्या वर नेऊन खत करा. बिया गाळात कित्येक वर्षं जिवंत राहतात, तेव्हा एकदा काढून भागणार नाही, ओढ्याच्या तोंडाशी दर वर्षी लक्ष ठेवावं लागेल. आणि सांडव्याच्या बाजूला जे पाणकणीस आणि कमळाचं बेट फोटोत दिसतंय त्याला हात लावू नका. पावसाळ्यात कमळपक्षी आणि पाणकोंबड्या तिथे घरटी करतात.

टिलवे मार्चपर्यंत थांबतात. म्हणजे या हंगामात अजून एकदोन फेऱ्या होऊ शकतात. ओढ्याचं तोंड, सांडव्याखालचा उथळ भाग आणि पलीकडे गुरं पाण्यावर उतरतात ती जागा, या तीन ठिकाणी गाळणी घेऊन जा आणि कुठे किती अळ्या मिळाल्या ते मला कळवा.